साडेपाचची गाडी

८ मे १८४२ हा रविवार होता. राजा लुई-फिलिप याच्या नावाच्या संताचा, म्हणजे संत फिलिपचा सण १ मेला होऊन गेला होता. त्या निमित्ताने या रविवारी व्हर्सायच्या बागेतली सगळी मोठी कारंजी सोडली जाणार होती. एरवी ती बंदच असत, वर्षातल्या मोजक्या सणावारांनाच सुरू होत. त्यामुळे पॅरिसमधली कुटुंबंच्या कुटुंबं मुलाबाळांना घेऊन त्या दिवशी व्हर्सायच्या वाटेला लागली.

ही कारंजी रोज का उडत नसत, याचं कारण दीडशे वर्षांपूर्वीचं होतं. चौदाव्या लुईने आपली बाग थाटली ती पाण्याची टंचाई असलेल्या जागी. सेन नदीचं पाणी तिथवर आणण्यासाठी १६८४ मध्ये मार्ली इथे १४ प्रचंड चाकांचं यंत्र उभारलं गेलं. नदीचं पाणी ते सुमारे दीडशे मीटर उंच चढवी, तरी पुरत नसे. राजा फेरफटक्याला निघाला की कारंजेवाले एकमेकांना शिट्टीने इशारा देत. राजा ज्या कारंज्यासमोर येई ते सुरू होई आणि त्याची पाठ वळली की बंद होई. १८४२ मध्ये मार्लीची ती जुनी चाकं उरली नव्हती, त्यांच्या जागी वाफेचं यंत्र बसलं होतं. पण वरची तळी भरायला लागणारा वेळ आणि ती रिकामी व्हायला लागणारा वेळ यांचं गणित जुळलं नव्हतं ते नव्हतंच. म्हणून दूरवरून लोक आले असतील त्याच दिवशी पाणी सोडायचं, असा शिरस्ता पडला. चौदाव्या लुईच्या काळी जे एका माणसासाठी होत असे, ते आता जमलेल्या लोकांसाठी होऊ लागलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

त्या बदलाचं बरंचसं श्रेय लुई-फिलिपला द्यायला हवं. १६८२ मध्ये फ्रान्सचा दरबार व्हर्सायला आला आणि ६ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसहून चालत आलेल्या बायकांच्या जमावाने राजघराण्याला तिथून हलवलं. त्यानंतर वाडा ओस पडला. क्रांतीच्या सरकारने १७९३-९४ मध्ये तिथलं सामानसुमान लिलावात काढलं. तो लिलाव वर्षभर चालला. पलंग, घड्याळं, पडदे, मेजं, सगळं विकलं गेलं. पुढे नेपोलियनला किंवा परत आलेल्या बुर्बाँ राजांना या अवाढव्य वास्तूचं काय करावं ते सुचलं नाही. १८३० च्या क्रांतीने गादीवर आलेल्या लुई-फिलिपने मात्र तिथे स्वतः राहायला न जाता वाड्याचं संग्रहालय केलं. खर्च त्याने आपल्या तनख्यातून केला. राजपुत्रांची दालनं पाडून त्या जागी १२० मीटर लांबीचं युद्धदालन उभारलं आणि फ्रान्सच्या लढायांची ३३ भव्य चित्रं तिथे लावली. जुनी नक्षीदार दालनं त्यात कायमची गेली, हा त्याचा दोष आहेच. पण वाड्याच्या दर्शनी भागावर त्याने ‘फ्रान्सच्या सर्व वैभवांना’ अशी अर्पणाक्षरं कोरून घेतली. त्या सर्वांत राजे होते, तसे क्रांतीचे आणि नेपोलियनचे सैनिकही होते. १० जून १८३७ ला संग्रहालय उघडलं आणि चौदाव्या लुईच्या आरसेमहालातून सामान्य माणसाचं पोर आईचं बोट धरून चालू लागलं.

तिथवर पोहोचायचं कसं, हा प्रश्न रेल्वेने सोडवला. पॅरिस ते व्हर्साय हे अंतर वीसेक किलोमीटरचं. घोडागाडीने जाऊन येण्यात दिवस मोडायचा. एवढ्याशा अंतरासाठी सावकारांच्या दोन घराण्यांत चुरस लागली आणि दोन वेगवेगळे लोहमार्ग झाले. सेनच्या उजव्या तीरावरून जाणारा पेरेर बंधूंचा मार्ग २ ऑगस्ट १८३९ रोजी सुरू झाला आणि डाव्या तीरावरचा, फूल्ड बंधूंच्या पाठबळाचा, १० सप्टेंबर १८४० रोजी. तेव्हा मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला अजून बारा-तेरा वर्षं होती. एकाच गावी जाणाऱ्या दोन कंपन्यांना रोज पुरेसे उतारू मिळणं शक्य नव्हतं. कारंज्यांचा रविवार हा त्यांचा सुगीचा दिवस असे. डब्यांमागे डबे जोडायचे, पुढे एकाऐवजी दोन इंजिनं लावायची आणि जेवढी माणसं येतील तेवढी भरायची, हा त्यावरचा उपाय.

त्या रविवारी डाव्या तीराच्या मार्गाने गेलेल्यांत ज्यूल द्युमाँ द्युर्व्हिल, त्याची बायको आदेल आणि त्यांचा मुलगा होता. मुलाचं नावही ज्यूलच. द्युर्व्हिल हा फ्रान्सच्या आरमारातला रिअर अ‍ॅडमिरल. त्याच्या बावन्नाव्या वाढदिवसाला पंधरा दिवस उरले होते.

या माणसाने पाहिलेलं जग तेव्हाच्या फार थोड्या माणसांनी पाहिलं असेल. १८२० मध्ये भूमध्य समुद्राच्या मोजणीवर असताना मिलॉस बेटावर एका शेतकऱ्याला नुकतीच सापडलेली संगमरवरी मूर्ती त्याच्या नजरेस पडली. तिचं मोल ओळखून त्याने फ्रान्सच्या वकिलापर्यंत ती गोष्ट पोहोचवली. लूव्रमध्ये आज जिच्यासमोर गर्दी हटत नाही, ती व्हीनस दि मिलो फ्रान्सला मिळाली त्यात त्याचा मोठा वाटा आहे. मग त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. पहिलीत तो दुय्यम अधिकारी होता. १८२६ ते १८२९ मधल्या दुसरीत ‘आस्त्रोलाब’ या जहाजाचा कप्तान होता. त्या फेरीत त्याने वानिकोरो बेटापाशी, चाळीस वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या ला पेरूझ या दर्यावर्दीच्या बुडालेल्या जहाजांचे अवशेष गाठले. प्रशांत महासागरातल्या बेटांची मेलानेशिया, मायक्रोनेशिया, पॉलिनेशिया ही विभागणी त्याने रूढ केली. तिच्यात त्या काळच्या गोऱ्या माणसाचा वर्णाचा पूर्वग्रह भरलेला होता, तरी नकाशांवर ती नावं आजही आहेत. १८३० मध्ये पदच्युत झालेल्या दहाव्या शार्लला इंग्लंडला पोहोचवण्याची कामगिरीही त्याच्याकडेच आली होती.

या साऱ्या प्रवासांची किंमत घरच्यांनी मोजली. आदेल ही तुलाँ बंदरातल्या एका घड्याळजीची मुलगी. द्युर्व्हिलच्या आईला ही सोयरीक पसंत नव्हती, तिने सुनेचं तोंड पाहिलं नाही. नवरा वर्षानुवर्षं समुद्रावर आणि आदेल तुलाँमध्ये पोरं सांभाळत. त्यांची बहुतेक मुलं एकेक करून दगावली. १८३७ च्या सप्टेंबरात तो तिसऱ्या मोठ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याला संधिवाताने ग्रासलं होतं. चालताना तो इतका जड पावलं टाकी की खलाशांना हा म्हातारा आपल्याला फार दूर नेईल असं वाटलं नाही. खरं तर त्याने मागणी केली होती ती प्रशांत महासागराच्या सफरीची. दक्षिण ध्रुवाकडे जाण्याची भर तिच्यात लुई-फिलिपने घातली. ७५ अक्षांशापर्यंत पोहोचलात तर प्रत्येक खलाशाला १०० फ्रँक, असं इनामही लावलं.

१८३८ च्या सुरुवातीला त्याची दोन्ही जहाजं वेडेल समुद्राच्या बर्फात अडकली. खलाशांनी कुदळींनी बर्फ फोडत वाट काढली. स्कर्व्हीने माणसं आडवी झाली. कसेबसे ते चिलीच्या किनाऱ्याला लागले, तर तिथे आदेलचं पत्र वाट पाहत होतं. त्यांचा आणखी एक मुलगा पटकीने गेला होता आणि तिने नवऱ्याला परत येण्याची विनवणी केली होती. द्युर्व्हिल परतला नाही. त्याने सफर पुरी करायचं ठरवलं. या निर्णयाचा मी पुष्कळदा विचार केला आहे आणि त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही, तसं त्याला माफ करणंही सोपं जात नाही. घरी उरलेल्या एकुलत्या मुलाला घेऊन आदेल आणखी दोन वर्षं थांबली.

जानेवारी १८४० च्या तिसऱ्या आठवड्यात तास्मानियाच्या दक्षिणेला, हिमनगांच्या रांगांपलीकडे त्याला जमीन दिसली. त्याची माणसं किनाऱ्याजवळच्या एका खडकाळ बेटावर उतरली, त्यांनी दगडांचे तुकडे फोडून घेतले आणि तिथले पेंग्विन पकडले. त्या भूमीला त्याने आपल्या बायकोचं नाव दिलं, आदेली भूमी. जिने तीनदा लांबचा आणि दुःखाचा वियोग मान्य केला, त्या निष्ठावान सोबतिणीविषयीची कृतज्ञता कायम राहावी म्हणून हे नाव दिल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर सर्वत्र आढळणाऱ्या त्या छोट्या काळ्या-पांढऱ्या पेंग्विनालाही पुढे तेच नाव मिळालं.

६ नोव्हेंबर १८४० रोजी जहाजं तुलाँला परतली. वीसहून अधिक माणसं सफरीत मेली होती. वर्ष सरता सरता त्याला बढती मिळाली, भूगोल मंडळाचं सुवर्णपदक मिळालं, पॅरिसमध्ये बिऱ्हाड थाटलं गेलं. सफरीचा वृत्तान्त लिहीत तो घरात बसू लागला. या कुटुंबाला पुन्हा एकत्र राहायला मिळालं ते हे दीड वर्ष. कारंज्यांचा रविवार त्या दीड वर्षातला.

दुपारी बागेत पाणी सोडलं गेलं. ल्य नोत्रने आखलेल्या त्या बागेत लातोनाचं कारंजं, सूर्यरथ पाण्यातून वर काढणारा अपोलो आणि सर्वांत भव्य असं नेपच्यूनचं तळं. पाहणाऱ्यांनी ते डोळे भरून पाहिलं आणि मग सगळे एकाच वेळी परत फिरले. डाव्या तीराच्या स्टेशनातून साडेपाचला सुटणारी गाडी खचाखच भरली. तिच्यात सुमारे ७७० माणसं होती. पुढे दोन इंजिनं जोडलेली. सर्वांत पुढचं ‘मॅथ्यू मरे’ हे चार चाकांचं छोटं इंजिन होतं, त्याच्यामागे ‘एक्लेर’ हे मोठं. डबे लाकडी, नुकताच रंग दिलेले. उतारू चढल्यावर रेल्वेच्या नोकरांनी नियमाप्रमाणे डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद केली.

हा नियम दुष्टपणातून आलेला नव्हता. आगगाडी लोकांना नवी होती. माणसं धावत्या गाडीतून उतरायला पाहत, थांबण्याआधी उड्या टाकत, चुकीच्या बाजूने रुळांवर उतरत. तेव्हा त्यांना आत ठेवणं हेच त्यांच्या सुरक्षेचं, असं रेल्वेवाल्यांचं ठाम मत होतं. उतारूला स्वतःचं बरंवाईट कळत नाही, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. ज्यांनी गेल्या पन्नास वर्षांत दोन राजांना गादीवरून खाली ओढलं, त्या पॅरिसकरांना डब्याचं दार उघडण्याइतकी अक्कल नाही असं मानलं गेलं!

बेलव्ह्यू आणि मदाँ या गावांच्या दरम्यान पुढच्या छोट्या इंजिनाचा आस मोडला. इंजिन रुळांवर आडवं झालं. मागचं मोठं इंजिन त्याच्यावर जाऊन आदळलं आणि गाडीच्या वेगाने पुढचे डबे एकमेकांवर चढत इंजिनांच्या भट्ट्यांवर येऊन पडले. भट्ट्यांतला धगधगता कोक बाहेर सांडला होता. कोरडं लाकूड आणि ताजा रंग, आग भडकायला वेळ लागला नाही. मागच्या डब्यांतली माणसं बचावली. पुढच्या डब्यांत ज्यांना अरुंद खिडक्यांतून अंग बाहेर काढता आलं ते काही जण वाचले. आसपासचे लोक धावून आले, पण आगीच्या झळांनी त्यांना जवळ जाता येईना. दारं शेवटपर्यंत बंद राहिली. द्युर्व्हिल, आदेल आणि त्यांचा मुलगा तिघंही आत होते.

आग विझल्यावर जे सापडलं त्यावरून कोण कोण गेलं हे सांगणं अशक्य होतं. द्युर्व्हिलची ओळख पटली ती एका विलक्षण योगायोगाने. त्याच्या शेवटच्या सफरीत द्युमुत्ये नावाचा एक गृहस्थ होता. कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असं मानणाऱ्या त्या वेळच्या एका विद्येचा तो जाणकार. ती विद्या आज कोणी मानत नाही. बेटाबेटांवरच्या लोकांच्या मस्तकांचे प्लास्टरचे साचे त्याने घेतले होते आणि आपल्या कप्तानाच्या मस्तकाचाही साचा त्याच्यापाशी होता. त्या आधारे द्युमुत्येने कवटी ओळखली. मॉन्पार्नासच्या दफनभूमीत द्युर्व्हिलची कबर आहे. ती गाडी ज्या स्टेशनात पोहोचायची होती तिथून ही दफनभूमी हाकेच्या अंतरावर आहे.

बाकीच्यांसाठी असा साचा कोणी घेऊन ठेवलेला नव्हता. मृतांचा अधिकृत आकडा पन्नास-पंचावन्नच्या आसपास थांबला. काहींचा अंदाज दोनशेपर्यंत जातो. आकड्यांतली ही तफावत मला त्या अपघातातली सर्वांत यातना देणारी गोष्ट वाटते. तिकिटावर नाव नसे, उतारूंची यादी नसे. जिथे घरातलं एखादं माणूस परतलं नाही तिथे शोध घेणारं कोणी होतं. जिथे घरचं घरच गाडीत होतं, तिथे विचारायला कोण येणार? द्युर्व्हिलचं चरित्र लिहिणारे या अपघाताला एक परिच्छेद देतात आणि त्यांच्या लेखी तो एका थोर दर्यावर्दीच्या आयुष्याचा शेवट असतो. मला वाटतं, ही गोष्ट खरी आहे ती सहलीला गेलेल्या कुटुंबांची, आणि द्युर्व्हिलचं कुटुंब त्यांतलं एक, आपल्याला नावानिशी ठाऊक असलेलं.

रेल्वेच्या इतिहासात तोवर इतका भीषण अपघात झाला नव्हता. नेमका तेव्हाच फ्रान्सच्या संसदेत देशभर लोहमार्ग पसरवण्याच्या कायद्यावर खल चालू होता. कवी आणि संसद सदस्य असलेल्या लामार्तीनने मृतांविषयी शोक व्यक्त करून, प्रगतीची वाट यामुळे सोडू नये असं सभागृहाला सांगितलं. ११ जून १८४२ ला कायदा झाला. रेल्वे कंपनीच्या माणसांवर खटला चालला, पण शिक्षा कोणाला झाली नाही. ज्याच्या सणासाठी कारंजी उडाली त्या लुई-फिलिपचा थोरला मुलगा, गादीचा वारस, १३ जुलैला घोडागाडीच्या अपघातात गेला. रेल्वेचा धोका जास्त की घोड्यांचा, हा वाद त्यानंतर थोडा मवाळ झाला असावा.

आस का मोडला, या प्रश्नाने मात्र इंजिनिअरांना झोपू दिलं नाही. लोखंड चांगलं होतं, भार नेहमीचाच होता. स्कॉटलंडच्या रँकिन या तरुण इंजिनिअरने मोडलेल्या आसांचा अभ्यास करून १८४३ मध्ये दाखवून दिलं की असा आस एका क्षणात तुटत नाही. जिथे त्याची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते, फेऱ्यागणिक ती आत आत सरकते आणि आतला धड उरलेला भाग अपुरा पडला की आस मोडतो. कोपरा गोलाई देऊन घडवा, असा त्याचा सल्ला होता. पुढे प्रशियात व्होलरने वर्षानुवर्षं आस फिरवत ठेवून याच प्रश्नाचं मोजमाप केलं. आजच्या रेल्वेपासून विमानांपर्यंत धातूचा भाग किती फेऱ्यांनंतर बदलायचा, हे ठरवण्याच्या शास्त्राची ही सुरुवात.

फ्रान्स सरकारने प्रवासी डब्यांना कुलूप लावण्याची पद्धत बंद केली आणि प्रवासी गाड्यांना चारचाकी इंजिनं जोडण्यालाही मनाई केली. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे तेव्हाही दारं बंद करत होती. सिडनी स्मिथ या वयोवृद्ध धर्मोपदेशकाने व्हर्सायच्या बातमीनंतर मॉर्निंग क्रॉनिकल या वृत्तपत्रात पत्रं लिहून कंपनीला धारेवर धरलं. स्वतःच्या जिवाची काळजी कशी घ्यायची हे ठरवण्याचा हक्क प्रवाशाचा आहे, कंपनीचा नव्हे, हे त्याचं म्हणणं. एखादा बडा माणूस जळून मेला की मगच सुधारणा होतील, असंही त्याने लिहिलं.

अपघाताच्या जागी एका शोकाकुल कुटुंबाने बांधलेलं ज्वालांच्या माउलीचं छोटं चॅपेल विसाव्या शतकात पाडलं गेलं. पण लोहमार्ग तोच आहे. व्हर्सायला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक टूरच्या बसने किंवा आरईआर या उपनगरी रेल्वेच्या सी मार्गाने थेट राजवाड्याजवळ उतरतात. मुलांना घेऊन तिथे जाणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन की जाताना मॉन्पार्नास स्टेशनातून सुटणारी एन मार्गाची लोकल धरा. ती मदाँ आणि बेलव्ह्यूवरून जाते. व्हर्साय-शांतिए स्टेशनात उतरलात की तिथून राजवाडा वीसेक मिनिटांच्या चालीवर आहे. आणि कारंजी कोणत्या दिवशी सोडतात ते आधी पाहून घ्या, कारण ती आजही रोज उडत नाहीत.